दोनशे गॅलनांचं वेळापत्रक

जिमी कार्टर यांना ९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये निरोप दिला गेला आणि त्याच दिवशी प्लेन्स या त्यांच्या गावी दफन झालं. कॅम्प डेव्हिड, इराणमधले ओलीस, भुईमुगाची शेती, नोबेल, शंभरी हे सगळं त्या दोन आठवड्यांत वाचून झालं. मी अडकलो ते मृत्युलेखांच्या तळाशी येणाऱ्या एका ओळीत. अमेरिकेत घरच्या घरी बिअर बनवायला मुभा देणारा हाच तो अध्यक्ष. समाजमाध्यमांवर तर त्यांना थेट क्राफ्ट बिअरचं जनकत्व देऊन मंडळी मोकळी झाली.

जनकत्व जरा जास्त झालं. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी कार्टर यांनी सही केली ती ट्रक, बस आणि ट्रॅक्टरवरच्या अबकारी कराच्या विधेयकावर. त्या विधेयकाला बिअरची दुरुस्ती चिकटवली होती कॅलिफोर्नियाचे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी. १९३३ साली दारूबंदी उठली तेव्हा घरच्या वाइनला परवानगी मिळाली होती, बिअर मात्र राहून गेली. ती चूक पंचेचाळीस वर्षांनी निस्तरली, एवढंच. कार्टर स्वतः कडवे बाप्टिस्ट, त्यांच्या काळात व्हाइट हाउसच्या मेजवान्यांत कडक दारू बंद होती. घराण्यात बिअरशी कुणाचं नाव जोडायचंच तर ते धाकटा भाऊ बिली याचं. त्याच्या नावाची ‘बिली बिअर’ १९७७ साली बाजारात आली आणि थोड्याच काळात गुंडाळली गेली. तरीही परिणाम नाकारता येत नाही. तेव्हा त्या देशात बिअरचे कारखाने शंभराच्या आत उरले होते, आज ते नऊ हजारांच्या वर आहेत, आणि नव्या कारखानदारांतले बरेच जण आधी स्वयंपाकघरात हात भाजून घेतलेले आहेत.

माझं लक्ष मात्र त्या कायद्यातल्या आकड्यावर खिळलं. एकट्या प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २००. लिटरमध्ये सांगायचं तर ७५७, दिवसाला साधारण दोन लिटर. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडेल, पण ते सोडा. घरगुती बिअरचा एक घाणा बहुधा पाच गॅलनचा, म्हणजे १९ लिटरचा असतो. कायद्याची मर्यादा गाठायची तर वर्षाला चाळीस घाणे काढावे लागतील, दर नऊ दिवसांनी एक. एकेका घाण्याला पाच-सहा तास जातात आणि त्यातला मोठा भाग भांडी धुण्या-निर्जंतुक करण्यात. जो माणूस ही मर्यादा ओलांडेल त्याला दंड करण्याऐवजी सरकारने नोकरीवर ठेवावं.

एक घाणा जमणं फारसं कठीण नाही. मोड आणून सुकवलेला सातू, म्हणजे माल्ट, भरडून ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचा, गोड पाणी काढून हॉप्स या कडवट फुलांसकट उकळायचं, झटपट थंड करून यीस्ट सोडायचं. हे सगळं शेकडो पुस्तकांत आहे. नवशिके अडतात ते पुढे. पहिला घाणा तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. दोन आठवडे आंबण्यात, दोन-तीन आठवडे बाटलीत साखरेवर वायू धरण्यात. धीर सुटलेला माणूस दुसऱ्याच आठवड्यात बाटल्या उघडू लागतो, मित्र येतात, आणि बिअरला खरी चव येते तेव्हा शेवटच्या दोन बाटल्या उरलेल्या असतात. मग दुसरा घाणा लावायचा आणि पुन्हा महिनाभर दुकानातली आणायची.

अमेरिकेतले हौशी लोक या सगळ्या साखळीला ‘पाइपलाइन’ म्हणतात आणि ती कोरडी पडू न देण्यावर त्यांच्यात तासन्‌तास काथ्याकूट चालतो. त्याचं उत्तर पुढे एमआयटीत गेलेल्या जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या सूत्रात आहे. रांगेतली माणसं म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा काळ. घरात दिवसाला दोन लिटर लागत असेल आणि बिअर तयार व्हायला २८ दिवस जात असतील, तर कुठल्याही क्षणी ५६ लिटर, म्हणजे तीन घाणे, आंबत किंवा मुरत पडलेले हवेत. सहा आठवडे लागत असतील तर चार घाण्यांच्याही वर. तीन पिंपं ठेवायला जागा लागते, आणि घरातली दुसरी प्रौढ व्यक्ती लिटलचं सूत्र मानतेच असं नाही.

म्हणून जुने खेळाडू वेळेवरच घाव घालतात. बाटल्या सोडून पिंपाकडे वळतात. पेप्सी-कोक कंपन्या पूर्वी सरबत १९ लिटरच्या स्टीलच्या पिंपांतून पाठवत, पुढे त्या खोक्यातल्या पिशव्यांकडे गेल्या आणि ही पिंपं भंगाराच्या भावात हौशी लोकांच्या हाती आली. त्यांत बाहेरून कार्बन डायऑक्साइड सोडला की दोन-तीन आठवड्यांचं काम आठवड्यात होतं. दुसरी युक्ती बिअर निवडण्याची. हॉप्सच्या वासावर उभी असलेली आयपीए ताजीच संपवावी, दोन महिन्यांत तिचा वास उतरतो. जड, दहा टक्क्यांच्या आसपासची बार्ली वाइन मात्र वर्षभर विसरून जावी. रोजची बिअर साडेतीन-चार टक्क्यांची, लवकर तयार होणारी. तिसरी युक्ती आपल्याकडच्या कुठल्याही घरात कळेल. एका घाण्याच्या तळाशी बसलेलं यीस्ट पुढच्या घाण्याला विरजण म्हणून वापरायचं. ते ताजं आणि भरपूर असल्याने काम लवकर धरतं, आणि पुढचा घाणा लावायला निमित्तही होतं, कारण ते फार दिवस तसंच ठेवलं की मरगळतं.

इथवर सगळं ठीक. पण हे सगळं वाचताना मला एक गोष्ट खटकत राहिली. इतकी आकडेमोड, इतके फ्रिज, इतकी पिंपं, आणि प्रत्येक जण आपापल्या गॅरेजमध्ये एकटा. घरच्या बिअरचा अखंड पुरवठा हा प्रश्न काही १९७८ साली जन्मला नाही. युरोपातल्या गावांनी तो शतकानुशतकं सोडवला होता, आणि तोही फ्रिजशिवाय.

याबाबतीत जूडिथ बेनेट यांचं ऐकावं. मध्ययुगीन इंग्लंडच्या या इतिहासकार बाईंचं १९९६ सालचं ‘एल, बिअर अँड ब्रूस्टर्स इन इंग्लंड’ हे पुस्तक बिअरप्रेमींपेक्षा स्त्री-इतिहासाच्या अभ्यासकांनी जास्त वाचलं. उलटं व्हायला हवं होतं. सन १३०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये जे पेय होतं त्यात हॉप्स नव्हते. ते ‘एल’ फार तर काही दिवस टिकायचं, मग आंबट व्हायचं. त्यामुळे साठा करून ठेवण्याचा मार्गच बंद. शिवाय लहान-थोर सगळे ते प्यायचे, म्हणजे मागणी रोजची. दर घराने दर आठवड्याला लावायचं म्हटलं तर इंधन, भांडी, सातू आणि बाईचा वेळ कुणालाच परवडला नसता.

मग बाया काय करायच्या? आळीपाळीने लावायच्या. आज एकीने लावलं की घरापुरतं ठेवून उरलेलं शेजाऱ्यांना विकायचं, पुढच्या आठवड्यात तिने दुसरीकडून घ्यायचं. एल तयार आहे हे कळावं म्हणून दारावर काठी किंवा झाडाची डहाळी लावायची. दर्जा तपासायला ‘एल-टेस्टर’ येई. तेराव्या शतकातल्या ‘असाइझ ऑफ ब्रेड अँड एल’ने दर धान्याच्या भावाला बांधून दिले होते, आणि जहागिरीच्या कोर्टात या बायांना वारंवार दंड होई. दंड म्हणायचं खरं, व्यवहारात तो परवानाशुल्कच होता. त्या दंडाच्या नोंदींत बायांची नावं राहिली, म्हणून आज बेनेट नॉर्थॅम्प्टनशरमधल्या ब्रिगस्टॉकसारख्या गावाची माहिती घरवार देऊ शकतात. अबकारी खात्याचे इतिहासावरचे उपकार मोजायचे ठरवले तर इथून सुरुवात करावी.

म्हणजे पाइपलाइन होतीच. ती गल्लीतून गेलेली होती.

ती तोडली कुणी? माझ्या मते हॉप्सनी. समुद्रापलीकडून, हॉलंड-फ्लँडर्सकडून, चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून हॉप्स घातलेली बिअर इंग्लंडमध्ये येऊ लागली आणि पंधराव्या शतकात तिथेच बनू लागली. हॉप्समधली कडवट द्रव्यं ती आंबट करणाऱ्या जिवाणूंना आवरतात, त्यामुळे बिअर आठवडे-महिने टिकते आणि पिंपात भरून दूर पाठवता येते. शिवाय पूर्वी टिकाऊपणासाठी पेय कडक करावं लागे, आता पातळ केलं तरी चालू लागलं. रेनॉल्ड स्कॉटने १५७४ साली हॉप्सच्या लागवडीवर पुस्तिका लिहिली, तिच्यात हिशेब आहे. एका बुशेल माल्टमधून एल निघतं आठ-नऊ गॅलन, बिअर निघते अठरा ते वीस. दुप्पट माल आणि टिकाऊ! पण त्यासाठी मोठी भांडी हवीत, भांडवल हवं, उधारी हवी, नोकर हवेत. हे सगळं शेजारणीच्या हाती नव्हतं, संघटित पुरुष व्यापाऱ्यांच्या हाती होतं. सन १६०० पर्यंत धंदा त्यांच्याकडे सरकला. बेनेट स्वतः सगळा दोष हॉप्सवर टाकत नाहीत. कर्ज, मालमत्ता, लग्नाचे कायदे, बायांची कुचेष्टा करणारं साहित्य अशी कारणांची रांग त्या लावतात. मला तेवढा संयम नाही.

अटलांटिकपलीकडे अखंड पुरवठ्याचा हा प्रश्न आणखी एका पद्धतीने सुटला, आणि ती सांगायलाच हवी. लग्नानंतरच्या सुरुवातीच्या काळात मॉन्टिसेलोच्या घरी थॉमस जेफरसन यांच्या पत्नी मार्था जवळजवळ दर पंधरवड्याला १५ गॅलन हलकी बिअर लावून घेत. वेळापत्रक आजच्या कुठल्याही हौशी माणसाला लाजवेल असं. पुढे १८१२च्या युद्धात जोसेफ मिलर नावाचा इंग्रज ब्रूअर त्या भागात अडकून पडला. त्याच्याकडून थॉमस जेफरसन यांनी आपल्या गुलामाला, पीटर हेमिंग्स याला, माल्ट आणि बिअरचं काम शिकवलं. हेमिंग्स आधीच तयार स्वयंपाकी होता. घरात बिअर कमी पडली नाही, कारण ती बनवणाऱ्याला नाही म्हणता येत नव्हतं. जेफरसन गेल्यावर १८२७ साली झालेल्या लिलावात हेमिंग्सला त्याच्याच एका नातलगाने एका डॉलरला विकत घेतलं आणि पुढे तो शार्लट्सव्हिलमध्ये शिंपीकाम करून जगला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या लेखकाची घरगुती बिअर म्हणून मिरवणाऱ्या लेबलांवर हे नाव छापायला हरकत नसावी.

सध्याच्या हौशी जगात मला सर्वांत आशादायी वाटतो तो नॉर्वेचा लार्स मारिउस गार्शोल. व्यवसायाने संगणकवाला. पश्चिम नॉर्वेत अजून शेतकरी घरच्या पद्धतीने बिअर लावतात हे कळल्यावर हा गृहस्थ घरोघर हिंडला आणि २०२० साली त्यावर जाडजूड ग्रंथ काढला. तिथल्या यीस्टला ‘क्वाइक’ म्हणतात. नेहमीच्या एल-यीस्टला १८ ते २० अंश लागतात, वर गेलं की चव बिघडते. तिथल्या वॉस भागातले लोक क्वाइक सोडतात ते चाळिशीच्या आसपास तापलेल्या रसात, आणि बिअर दोन-तीन दिवसांत तयार! लिटलच्या सूत्रात थांबण्याचा काळच कोसळतो, तीन पिंपांचं काम एकात होतं. काही भागांत यीस्ट सोडताना पिंपात तोंड घालून जोरात आरोळी ठोकण्याची रीत होती. का, ते विचारू नका. हे यीस्ट लाकडी कड्यांच्या माळेवर किंवा कापडावर वाळवून वर्षभर ठेवत. कुणाचं बिघडलं तर शेजारच्या शेतावरून आणत आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याला देत. म्हणूनच एका घरावर संकट आलं तरी यीस्ट गावातून नाहीसं झालं नाही. आज वॉसचं क्वाइक ११ ग्रॅमच्या पाकिटात विकत मिळतं. सोय झाली, शेजारी गेला.

चाळीस अंश म्हटल्यावर नागपूर-जळगावचा वाचक कान टवकारणार, हे ठाऊक आहे. क्वाइकला मे महिन्यातलं विदर्भ मानवेलही. पण महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याच्या १२व्या कलमाने परवान्याशिवाय मद्य बनवण्यावर सरसकट बंदी आहे, त्याला घरगुती वापराची सवलत नाही. प्यायलासुद्धा जिथे कागदोपत्री परवाना लागतो तिथे १९ लिटरच्या पिंपाचं काय घेऊन बसलात. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ने राज्यातली पहिली मायक्रोब्रूअरी उघडली, त्याला पंधरा वर्षं उलटून गेली. बारमध्ये काचेपलीकडे बिअर बनताना बघायला मुभा आहे. घरी तेच केलं तर उत्पादन शुल्क खात्याचे लोक येतील. महसुलाचं कारण मला समजतं, विषारी दारूची भीतीही समजते. पण ती भीती मिथेनॉल मिसळलेल्या गावठी दारूची आहे. सातू आंबवून मिथेनॉलचे बळी पडत नाहीत. कायदा करणाऱ्यांनी एवढा भेद करायला हवा. ब्रिटनने १९६३ साली घरगुती बिअरवरचा परवाना काढून टाकला आणि वरची मर्यादाही ठेवली नाही. एकच अट, विकायची नाही.

अमेरिकेतली अटही तीच, आणि बेनेटबाईंच्या बाया तिथे पहिल्याच आठवड्यात गुन्हेगार ठरल्या असत्या. मात्र घरची बिअर क्लबात, स्पर्धेत, मेळाव्यात घेऊन जायला केंद्रीय नियम आडवे येत नाहीत. लॉस एंजेलिसच्या ‘माल्टोज फाल्कन्स’ या क्लबाची मंडळी कायद्याच्या चार वर्षं आधीपासून, १९७४ पासून, एकमेकांच्या बिअरची चव घेत आली आहेत. तेव्हा तिकडे असलेल्या कुणा मराठी पोराने गॅरेजमध्ये पहिलं पिंप मांडलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पिंपावर पैसे घालण्याआधी त्याने गावातला क्लब शोधावा. तिघांनी तीन वेगवेगळ्या आठवड्यांत लावायचं आणि वाटून घ्यायचं. राज्याचे नियम तेवढे आधी बघावेत, कारण अलाबामा आणि मिसिसिपी या दोन राज्यांनी कार्टर यांच्या सहीनंतरही २०१३ पर्यंत दार उघडलं नव्हतं.