थेंबाखालची बॅटरी

मालवणात आमच्या दारात एक जुनी जीप आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मी गोणपाट अंथरून तिच्याखाली शिरतो. हातात तारेचा ब्रश, शेजारी प्रायमरचा डबा. मडगार्डाच्या आत दोन पत्रे एकमेकांवर दुमडलेले असतात, तिथे खिळ्याने जरा टोकरलं की वाळल्या चिखलाची खपली सुटते. तिच्याखाली दमट, तपकिरी भुसा. तीन महिने पावसाचा थेट मारा खाल्लेला बाहेरचा पत्रा मात्र बराचसा शाबूत!

याचं उत्तर केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांच्या १९२०च्या दशकातल्या एका साध्या प्रयोगात आहे. स्वच्छ लोखंडी पत्र्यावर त्यांनी मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला. पाण्यात रंग बदलणारी रसायनं मिसळली होती. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी झाली आणि मधला भाग निळा. कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मधोमध पोचत नाही. जिथे तो कमी, तिथे लोखंड विरघळतं. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच कडेकडे जातात आणि तिथला ऑक्सिजन ते घेतो. एका थेंबाखाली अख्खी बॅटरी चालू असते. चिखलाच्या खपलीखालचा पत्रा म्हणजे या थेंबाचा मधला भाग.

मीठ स्वतः लोखंड खात नाही, पण या बॅटरीतल्या पाण्यातून वीज वाहणं सोपं करतं. शिवाय ते ओल धरून ठेवतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ आपोआप पाझरतं, आणि समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच. किनाऱ्यावरची गाडी उन्हात उभी असली तरी तिचे सांधे ओले राहतात ते यामुळे.

म्हणून रंगाच्या आधी गोड्या पाण्याने धुणं आलं, तेही दोन-तीनदा. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच रंगाच्या पापुद्र्याखाली राहिलेलं मीठ बाहेरची ओल आत खेचतं. फोड येतात आणि पापुद्रा उचलला जातो. गंजलेल्या खड्ड्यांतलं मीठ नुसत्या घासण्याने निघत नाही. या धुण्यापुसण्यात माझे दोन दिवस जातात, रंगाला अर्धा दिवस पुरतो. हे प्रमाण योग्यच आहे असं माझं ठाम मत आहे.

उरलेल्या घट्ट गंजावर टॅनिक आम्ल असलेलं द्रावण लावतात. तपकिरी डाग डोळ्यांदेखत निळसर काळा होतो. हिरड्याच्या काढ्यात लोखंडी खिळा टाकला की काढा काळा पडतो, तीच ही क्रिया. त्यामुळे हा गंज बऱ्यापैकी स्थिर होतो, पण पत्रा आरपार सडला असेल तर कापून नवा जोडण्याला पर्याय नाही.

मग प्रायमर. दुकानात मिळणारा रेड ऑक्साइड हा खरं तर लोखंडाचंच ऑक्साइड आहे. तो ओलीची वाट अवघड करतो, एवढंच. पूर्वी पुलांना आणि जहाजांना शेंदूर लावत, मारुतीला माखतात तोच, म्हणजे शिशाचं ऑक्साइड. जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर लोखंडाची झीज रासायनिकरीत्या रोखतो. पण शिसं विषारी आहे, तेव्हा जुना रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नका. जस्ताची भुकटी ठासून भरलेल्या प्रायमरची रीत आणखी वेगळी. लोखंडापेक्षा जस्त इलेक्ट्रॉन लवकर सोडतं, त्यामुळे ओरखडा पडला तरी आधी ते झिजतं. मात्र ते उघड्या, घासून चकचकीत केलेल्या पत्र्यालाच भिडायला हवं. गंजावर लावलेलं जस्त वाया जातं.

आता कुंचला. गॅरेजमध्ये सांगतात, स्प्रे मारा, काम सफाईदार होतं. दरवाजाच्या बाहेरच्या बाजूला ते खरंच आहे. पण स्प्रेचे तुषार खड्ड्याच्या तोंडाशी बसतात आणि खाली हवा अडकते. कुंचल्याचे केस रंग खड्ड्यात दाबतात. दुसरं म्हणजे, ओला रंग पृष्ठताणामुळे धारदार कडेवरून मागे सरतो आणि कडेला तो सर्वांत पातळ राहतो. म्हणूनच जहाजबांधणीत आणि पुलांवर कडा, वेल्डिंगच्या रेघा, बोल्टची डोकी यांना आधी हाताने एक पट्टा मारतात आणि मग स्प्रे चालवतात. गाडीच्या पोटाशीही मी हेच करतो: सांध्यांवर, स्प्रिंगच्या पाट्यांच्या कडांवर, ब्रॅकेटच्या मागे वाकडा कुंचला घालून. पहिला हात तांबडा दिला तर दुसरा करडा देतो, म्हणजे सुटलेली जागा लगेच दिसते.

शेवटी एक काम राहतं. दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, काचेवरून आत उतरलेलं पाणी निघून जावं म्हणून. रंगवताना ती हमखास बुजतात. रंग ओला आहे तोवर उदबत्तीची काडी घालून मी ती एकेक मोकळी करतो.