‘पारदर्शक’ ब्रिज आणि फ्रेम रिलेचा पेच

मुख्य कार्यालयातील संगणकाशी प्रत्येक शाखेचा संपर्क सुरळीत आहे; मात्र एका शाखेतील संगणकाला दुसऱ्या शाखेतील संगणक काही केल्या सापडत नाही. तार तुटलेली नाही, यंत्रे सुरू आहेत आणि दूरसंचार कंपनीही आपल्या बाजूने सारे ठीक असल्याचा निर्वाळा देते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात अमेरिकेतील कंपन्यांनी आपल्या दूरदूरच्या शाखा ‘फ्रेम रिले’ या सेवेने जोडण्यास सुरुवात केली, तेव्हा नेटवर्क सांभाळणाऱ्या अभियंत्यांपुढे असे कोडे उभे राहू लागले. त्याचे मूळ एका साध्या नियमात होते. विशेष म्हणजे तो नियम चुकीचा नव्हता. तो केवळ भलत्या ठिकाणी लागू होत होता.

हा पेच समजून घेण्यासाठी आधी ‘ब्रिज’ म्हणजे काय, ते पाहावे लागते. एका कार्यालयातील संगणक परस्परांना जोडणारे स्थानिक जाळे म्हणजे ‘लॅन’. त्यातील सर्वाधिक रुळलेला प्रकार ईथरनेट. मूळच्या ईथरनेटमध्ये सारे संगणक एकाच तारेवर असत आणि एकाने पाठविलेली फ्रेम, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, सर्वांनाच ऐकू जाई. ज्याचा पत्ता त्या फ्रेमवर असेल त्याने ती घ्यायची, इतरांनी दुर्लक्ष करायचे. अशा दोन लॅनना जोडणारे यंत्र म्हणजे ब्रिज. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीत ऐंशीच्या दशकात त्याची घडण झाली आणि १९९० साली आयईईई या संस्थेने ८०२.१डी या क्रमांकाने त्याचे मानक प्रसिद्ध केले.

ब्रिजची कार्यपद्धती एखाद्या चाणाक्ष द्वारपालासारखी असते. आलेल्या प्रत्येक फ्रेमवर पाठविणाऱ्याचा पत्ता असतो. तो कोणत्या दारातून, म्हणजे कोणत्या पोर्टवरून आला, याची नोंद ब्रिज आपल्या तक्त्यात करतो. पुढे त्याच पत्त्यासाठी फ्रेम आली की ती नेमक्या त्याच पोर्टवर सोडतो. पत्ता अनोळखी असेल, किंवा फ्रेम सर्वांसाठी असलेली ‘ब्रॉडकास्ट’ असेल, तर आलेले पोर्ट वगळून उरलेल्या सर्व पोर्टांवर तिच्या प्रती पाठवितो. एखाद्या पत्त्याकडून काही काळ, मानकानुसार साधारणतः ३०० सेकंद, काहीच ऐकू आले नाही, तर ती नोंद पुसली जाते. या साऱ्याची संगणकांना गंधवार्ताही नसते. आपण सारे एकाच तारेवर आहोत, अशीच त्यांची समजूत कायम राहते. म्हणूनच या पद्धतीला ‘पारदर्शक ब्रिजिंग’ असे नाव पडले.

यातच तो वर उल्लेखिलेला नियम येतो. फ्रेम ज्या पोर्टवरून आली, त्याच पोर्टवरून ब्रिज ती कधीही परत पाठवीत नाही. यामागील तर्क बिनतोड आहे. पाठविणारा आणि घेणारा एकाच तारेवर असतील, तर घेणाऱ्याला ती फ्रेम आधीच मिळालेली असते. ती पुन्हा पाठविणे म्हणजे त्याच्या हाती एकच पत्र दोनदा ठेवणे. ईथरनेटपुरते हे शंभर टक्के खरे आहे.

एक तार, अनेक वाटा

फ्रेम रिलेचे जग मात्र निराळे. पूर्वी दोन गावांतील कार्यालये जोडायची, तर त्यांच्यामध्ये स्वतंत्र भाडेतत्त्वावरील लाइन घ्यावी लागे. एकवीस कार्यालयांपैकी प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट जोडायचे म्हटले, तर अशा २१० लाइन लागतील. फ्रेम रिलेमध्ये प्रत्येक कार्यालयातून दूरसंचार कंपनीच्या जाळ्यापर्यंत एकच तार जाते आणि त्या एका तारेवर कंपनी अनेक ‘व्हर्च्युअल सर्किट’, म्हणजे आभासी मार्ग, आखून देते. प्रत्येक मार्गाला एक क्रमांक असतो. त्याला डीएलसीआय म्हणतात. हा क्रमांक केवळ त्या तारेपुरता अर्थपूर्ण असतो. एकाच मार्गाचा क्रमांक या टोकाला १०० आणि त्या टोकाला २०० असू शकतो.

आभासी मार्गांनाही पैसे पडतातच. त्यामुळे बहुतेक कंपन्यांनी काटकसरीची रचना पत्करली. मुख्य कार्यालय हे चाकाचा मध्य, म्हणजे हब. आणि त्यातून निघणारे आरे म्हणजे शाखा. एकवीस कार्यालयांना आता केवळ २० मार्ग पुरतात. ज्याप्रमाणे एखाद्या खेड्यातून शेजारच्या खेड्यात एसटीने जायचे तर आधी तालुक्याच्या स्थानकावर येऊन गाडी बदलावी लागते, त्याप्रमाणे एका शाखेची माहिती दुसऱ्या शाखेत जाण्यासाठी आधी मुख्य कार्यालयात यावी लागते.

पेच नेमका येथेच पडतो. समजा, मुख्य कार्यालय शिकागोत आहे आणि शाखा डेट्रॉइट व सेंट लुईस येथे आहेत. डेट्रॉइटहून सेंट लुईससाठी निघालेली फ्रेम शिकागोच्या ब्रिजपाशी पोहोचते. ब्रिज पाहतो, तर सेंट लुईसचा पत्ताही त्याच तारेवर, त्याच पोर्टवर नोंदलेला. नियमाप्रमाणे तो मानतो, की घेणाऱ्याला फ्रेम मिळाली असणार, आणि ती निमूटपणे टाकून देतो. प्रत्यक्षात सेंट लुईसला काहीच ऐकू गेलेले नसते. तार एक असली, तरी तिच्यावरील एका मार्गाचे बोलणे दुसऱ्या मार्गावर पोहोचत नाही. ‘एक पोर्ट म्हणजे एकच श्रोतृवर्ग’ हे ब्रिजचे गृहीतक फ्रेम रिलेवर कोसळते. त्यातही वाईट भाग असा, की यात कोठेही चुकीचा संदेश उमटत नाही. ब्रिजच्या दृष्टीने त्याने आपले कर्तव्य चोख बजावलेले असते.

यावरील उपाय तत्त्वतः सोपा आहे. हबमधील ब्रिजने तारेला पोर्ट न मानता तिच्यावरील प्रत्येक आभासी मार्गाला स्वतंत्र पोर्ट मानायचे. मग डेट्रॉइट एका पोर्टवर, सेंट लुईस दुसऱ्या पोर्टवर, आणि मूळ नियम जसाच्या तसा राखूनही काम होते. फ्रेम रिलेवरून विविध प्रकारची माहिती कशी न्यावी, याचे इंटरनेटविषयक मानक १९९२ साली आरएफसी १२९४ या क्रमांकाने निघाले. १९९३ मध्ये आरएफसी १४९० आणि १९९८ मध्ये आरएफसी २४२७ यांनी त्याची जागा घेतली. पत्त्याचा संबंध नुसत्या तारेशी न जोडता विशिष्ट आभासी मार्गाशी जोडला पाहिजे आणि सर्वांसाठी असलेली फ्रेम संबंधित प्रत्येक मार्गावर स्वतंत्रपणे पाठविली पाहिजे, ही अपेक्षा या मानकात स्पष्ट आहे. यंत्रनिर्मात्यांनी त्यासाठी एका प्रत्यक्ष पोर्टचे अनेक उपपोर्ट करण्याची सोय दिली. शाखांच्या बाजूला मात्र काहीच बदलावे लागत नाही, कारण तेथे मार्ग एकच असतो.

हबवर पडणारा भार

शाखा एकमेकींना दिसू लागल्या, की दुसरा प्रश्न डोके वर काढतो, आणि तो अधिक खर्चीक आहे. सर्वांसाठी असलेली फ्रेम ईथरनेटवर एकदाच पाठवावी लागते, कारण ती सगळेच ऐकतात. फ्रेम रिलेवर मात्र हबला तिच्या मार्गागणिक प्रती काढाव्या लागतात आणि त्या साऱ्या प्रती त्याच एका तारेतून बाहेर पडतात.

थोडा हिशेब करून पाहू. समजा, २० शाखा आहेत आणि प्रत्येक शाखेतून सेकंदाला सरासरी केवळ २ ब्रॉडकास्ट फ्रेम निघतात. प्रत्येक फ्रेम ईथरनेटच्या किमान आकाराची, म्हणजे ६४ बाइट, अर्थात ५१२ बिटांची आहे. एका शाखेला उरलेल्या १९ शाखांच्या मिळून सेकंदाला ३८ फ्रेम, म्हणजे १९ हजार ४५६ बिट येतात. शाखेची तार ६४ हजार बिटांची असेल, तर तिचा सुमारे ३० टक्के भाग या पुकाऱ्यांनीच व्यापला. हबच्या तारेवरून याच वेळी सेकंदाला ३ लाख ८९ हजार १२० बिट बाहेर पडत असतात. यात मुख्य कार्यालयाच्या स्वतःच्या ब्रॉडकास्टच्या २०-२० प्रती आणि अनोळखी पत्त्यांसाठीच्या फ्रेम धरलेल्याच नाहीत. कोणी एक अक्षर टंकण्यापूर्वी किंवा एक फाइल उघडण्यापूर्वी हा खर्च झालेला असतो.

मग राऊटर वापरून ब्रॉडकास्ट जेथल्या तेथे का अडविले नाहीत, असा प्रश्न कोणीही विचारील. याचे एक उत्तर त्या काळातील प्रणालींमध्ये आहे. डिजिटल कंपनीची ‘लॅट’ किंवा अनेक कार्यालयांत रुळलेली ‘नेटबुई’ या पद्धतींमध्ये जाळ्याचा पत्ता ही संकल्पनाच नव्हती. राऊटरला मार्ग ठरविण्यासाठी जे लागते, तेच त्यांच्यापाशी नव्हते. त्यांना दूरच्या शाखेत न्यायचे, तर ब्रिज हाच सरळ मार्ग. दुसरे कारण मानवी आहे. ब्रिज बसविताना पत्त्यांची आखणी करावी लागत नाही. तो लावला, की चालू लागतो. ही सोय अनेकांना पुढे महागात पडली.

वळसे आणि झाड

ईथरनेटच्या फ्रेमवर ‘इतके टप्पे झाल्यावर नष्ट व्हावे’ अशी मर्यादा नसते. त्यामुळे ब्रिजच्या जाळ्यात एखादा वळसा, म्हणजे बंद वर्तुळ, तयार झाला तर फ्रेम त्यात फिरतच राहते आणि प्रत्येक फेरीत तिच्या नव्या प्रती निघतात. यावरील तोडगा डिजिटल कंपनीतील रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली शोधला. तो ‘स्पॅनिंग ट्री’ म्हणून ओळखला जातो. सारे ब्रिज आपापसांत संदेशांची देवाणघेवाण करून एक मूळ ब्रिज निवडतात आणि जादा दुवे बंद ठेवून जाळ्याला झाडाचा आकार देतात. झाडात वळसा नसतो. (या पद्धतीवर पर्लमन यांनी एक छोटी कविताही रचली होती, हे येथे जाता जाता सांगण्यासारखे.)

हब एकच असेल तर रचना मुळातच झाडासारखी असते आणि स्पॅनिंग ट्रीला फारसे काम उरत नाही. परंतु हब बंद पडला तर साऱ्या शाखा एकाकी पडतील, या भीतीने दुसरा हब उभारला जातो. किंवा दोन शाखांत थेट मार्ग घेतला जातो. तत्क्षणी वळसा तयार होतो आणि एक मार्ग बंद ठेवावा लागतो. त्याचे भाडे मात्र दरमहा सुरूच राहते. कोणता मार्ग बंद होणार, हे मूळ ब्रिज कोण यावर ठरते. अभियंत्याने प्राधान्यक्रम ठरवून दिला नसेल, तर ज्याच्या यंत्राचा पत्ता अंकांनी सर्वांत लहान तो मूळ ठरतो. तो एखाद्या कोपऱ्यातील शाखेतील जुनाट ब्रिजही असू शकतो, आणि मग साऱ्या जाळ्याचा ओघ ६४ हजार बिटांच्या तारेकडे वळण्याची आपत्ती ओढवते. शिवाय मार्ग तुटल्यावर नवी घडी बसण्यास मूळ मानकानुसार ३० ते ५० सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत शाखेतील कर्मचाऱ्यांचे पडद्यावरील काम गोठलेले असते.

हे सारे केवळ गैरसोयीपुरते मर्यादित राहत नाही, हे २००२ साली बोस्टनमध्ये दिसून आले. तेथील बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर या मोठ्या रुग्णालयाचे जाळे फ्रेम रिलेचे नव्हते, परंतु तेही ब्रिजिंगच्याच तत्त्वावर वर्षानुवर्षे तुकड्यातुकड्याने वाढत गेले होते. मानकाने गृहीत धरलेली सलग सात ब्रिजची मर्यादा त्याने ओलांडलेली होती. १३ नोव्हेंबर रोजी माहितीचा प्रचंड लोंढा आला, स्पॅनिंग ट्रीची घडी विस्कटली आणि वळसे तयार झाले. सुमारे चार दिवस डॉक्टर व परिचारिकांना कागदी नोंदींवर काम चालवावे लागले. संगणकांच्या आधी जे कधीकाळी शिकले होते, ते ज्येष्ठांनी तरुणांना दाखवावे, अशी ती वेळ होती. रुग्णालयाचे तत्कालीन माहितीप्रमुख जॉन हलाम्का यांनी या घटनेची जाहीर चर्चा करण्याचे धैर्य दाखविले, ही गोष्ट या क्षेत्रात विरळाच म्हणावी लागेल. त्यानंतर जाळ्याची फेररचना करताना राऊटरवर भर देण्यात आला.

फ्रेम रिलेचा काळ पुढे एमपीएलएस आणि ईथरनेट सेवांनी संपविला. हब आणि आऱ्यांचा प्रश्न मात्र त्यांच्यासोबत नव्या घरात आला. दूरच्या शाखांना एकाच लॅनचा आभास देणाऱ्या ‘व्हीपीएलएस’ सेवेचे मानक जानेवारी २००७ मध्ये आरएफसी ४७६२ म्हणून निघाले. त्यात मध्यवर्ती यंत्रे परस्परांना थेट जोडलेली असतात, म्हणून त्यांच्यामध्ये एका मार्गावरून आलेली फ्रेम दुसऱ्या तशाच मार्गावर पाठवायची नाही, असा नियम आहे. आऱ्यांप्रमाणे जोडलेल्या मार्गांना मात्र त्यातून सूट आहे. शिकागोच्या ब्रिजला जो भेद आपणहून कळत नव्हता, तो येथे मानकातच लिहून ठेवला आहे.

ब्रॉडकास्टच्या भाराला हात घालणारी पुढील पायरी फेब्रुवारी २०१५ मधील आरएफसी ७४३२, म्हणजे ‘ईव्हीपीएन’. यात कोणता पत्ता कोठे आहे, हे मध्यवर्ती यंत्रे एकमेकांना बीजीपी या मार्गनिर्देशक पद्धतीने आधीच कळवितात. त्यामुळे अनोळखी पत्त्याच्या शोधासाठी सर्व दिशांना प्रती धाडण्याची गरज बरीच कमी होते. आयपी पत्त्याचा मालक कोण, अशा पुकाऱ्यालाही जवळचेच यंत्र उत्तर देऊ शकते. सर्वांसाठीच असलेल्या उरलेल्या फ्रेमना मात्र अजूनही प्रती काढाव्याच लागतात, आणि त्या कोणत्या यंत्राने काढायच्या, हे आखणी करणाऱ्याला आधी ठरवावे लागते.