वऱ्हाडातले बाहेरचे रोजचे खाणे : हॉटेल, खानावळ, ढाबा

वऱ्हाडात घराबाहेर रोज जे खाल्ले जाते, ते रेल्वे, बाजार आणि हमरस्ता या तिघांनी घडवले. अकोला आणि अमरावती ही इथली दोन मोठी शहरे. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचे बाळापूर, पलीकडचे खामगाव आणि शेगाव, अमरावतीच्या वाटेवरचे मूर्तिजापूर ही त्या शहरांशी रोजच्या ये-जा करण्याने जोडलेली गावे. बाळापूरचा माणूस कोर्ट-कचेरी, दवाखाना आणि कॉलेज यांसाठी अकोल्याला जातो आणि गुरुवारी दर्शनाला शेगावला. त्यामुळे इथल्या खाण्याचा विचार एकट्या शहरापुरता करून भागत नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा भुसावळहून वऱ्हाड ओलांडून 1867 साली नागपूरला पोहोचला. तो मुख्यतः कापसासाठी टाकला होता. पण स्टेशन आले की चहा आला आणि चहामागे खाणे आले. याचे सर्वांत नामांकित उदाहरण म्हणजे शेगावची कचोरी. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी 1950 च्या सुमारास शेगाव स्टेशनावर ती विकायला सुरुवात केली. मैद्याची पारी, आत मुगाची डाळ, बेसन आणि मसाल्याचे कोरडे सारण, सोबत तळलेली हिरवी मिरची. सारण कोरडे असल्याने कचोरी काही तास सहज टिकते. म्हणूनच ती प्रवाशाच्या पिशवीत बसली. संत गजानन महाराजांच्या दर्शनाला येणाऱ्यांनी ती घरोघर नेली आणि एका फलाटावरचा पदार्थ सगळ्या महाराष्ट्रात त्याच नावाने विकला जाऊ लागला. आज शेगावचा फलक लावलेल्या दुकानांना तोटा नाही. पण सारणात बटाटा आला की ती कचोरी वेगळी होते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

बाजाराने नाश्त्याचे हॉटेल दिले. दिवाळीनंतर कापूस निघतो, बाजार समितीत गाड्या पहाटेपासून लागतात, आणि लिलाव होऊन वजनकाटा होईपर्यंत शेतकऱ्याचा अर्धा दिवस जातो. त्याला पोटभर, तिखट आणि झटपट काहीतरी लागते. ते काम आलुबोंड्याने आणि तर्री-पोह्याने केले. अकोला-अमरावतीच्या हॉटेलात बोंडा पावात घालून मिळेल, पण खरी पद्धत वेगळी आहे. गरम बोंडा बशीत ठेवून चमच्याने फोडायचा, त्यावर पातळ कढी किंवा हरभऱ्याची लाल तर्री ओतायची, वरून कांदा, शेव आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. बेसनाचे आवरण कढी शोषून घेते आणि आतला बटाटा तसाच गरम राहतो. दुसरी बशी मागवायची झाली तर आधी कढीच पुन्हा मागितली जाते, आणि चांगला हॉटेलवाला ती मागायच्या आधीच वाढतो.

हे पदार्थ इथेच का रुजले, याचे उत्तर शेतात आहे. रब्बीचा हरभरा, खरिपाची तूर आणि कापसातून निघणारी सरकी ही वऱ्हाडची पिके. अकोल्यात डाळमिल, जिनिंग आणि तेलगिरण्या यांचा व्यवसाय जुना आहे. बेसन, डाळ आणि सरकीचे तेल हाताशी असताना हॉटेलवाल्याने दुसरे काही तळावे याला कारण नव्हते. मुंगवडे, मिरचीभजी, सांबारवडी, पातोडीचा रस्सा ही सगळी त्याच डाळीची आणि बेसनाची रूपे. अमरावतीने त्यात गिला वड्याची भर घातली: उडदाचे वडे, दही आणि झणझणीत चटणी. उन्हाळ्यात अमरावतीकर संध्याकाळी यासाठी घराबाहेर पडतो.

बाळापुरातले खाणे एवढ्यावर थांबत नाही. जुनी मुस्लिम वस्ती मोठी असल्याने खिमा, पाया, तंदुरी रोटी आणि वजनावर विकली जाणारी बिर्याणी हेही इथले रोजचे अन्न आहे. रमजानच्या महिन्यात संध्याकाळनंतर या वस्तीतल्या रस्त्यांवर जे मिळते ते खायला शेजारच्या गावांतून सर्व धर्मांचे लोक येतात. विदर्भाच्या खाण्यावर लिहिताना हा भाग अनेकदा गाळला जातो, ते बरोबर नाही. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांचे सावजी जेवणही आता अकोला-अमरावतीत स्थिरावले आहे. काळा दाट रस्सा, खसखस आणि भाजलेल्या मसाल्यांचा जोर ही त्याची खूण. नुसते तिखट म्हणजे सावजी नव्हे.

या सगळ्यात सर्वांत कमी लिहिले गेलेले आणि सर्वांत जास्त गरजेचे ठिकाण म्हणजे खानावळ. मुंबईत गिरणी कामगारांना गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी जेवू घातले. त्यांना कर्ज आणि संघटन मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. माटुंग्यात त्याच गरजेतून दाक्षिणात्य नोकरदारांसाठी उडुपी बोर्डिंगे निघाली. रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 चे. वऱ्हाडात गिरणगावाची जागा कॉलेजांनी घेतली. अकोल्यात 1969 साली कृषी विद्यापीठ आले, अमरावतीत 1983 साली विद्यापीठ झाले, मागोमाग अभियांत्रिकी महाविद्यालये आणि स्पर्धा परीक्षांचे वर्ग आले. खेड्यातून आलेल्या मुलामुलींचे जेवण भाड्याच्या खोल्यांभोवतीच्या मेसवर सुरू झाले.

या मेसचा कारभार ठरलेला आहे. महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळा पोळ्या, एक रस्साभाजी किंवा सुकी भाजी, वरण-भात, कांदा आणि ठेचा. रविवारी दुपारी गोडाचे किंवा विशेष जेवण, म्हणजे ‘फीस्ट’, आणि त्या रात्री चूल बंद. गावाला जायचे तर खाडा आधी सांगावा लागतो, आणि सलग काही दिवसांचा असला तरच तो हिशेबात धरला जातो. बाहेरून कंजूसपणा वाटणाऱ्या या नियमामागे हिशेब आहे: कणीक किती मळायची हे आदल्या दिवशी कळले नाही तर उरलेले अन्न मेसवालीच्या माथी येते. बहुतेक मेस घरच्या स्वयंपाकघरातच चालतात. 14.2 किलोचे घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही, 19 किलोचे व्यावसायिक महाग पडते. 2015 साली तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला 200 रुपयांपर्यंत गेली तेव्हा तुरीच्या प्रदेशातल्या मेसमध्येही वरण पातळ झाले, कारण ठरलेले महिन्याचे पैसे मध्येच वाढवता येत नाहीत. मोठ्या हॉटेलात भाववाढ मेनूकार्डावर येते, मेसमध्ये ती मालकिणीच्या पदरी पडते. अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे छोट्या खाद्यव्यवसायाची नोंदणीही आवश्यक आहे. ती सोपी आहे, पण अनेकींना तिची माहिती कोणी दिलेली नसते. बचत गटांनी हे काम हाती घ्यायला हवे.

हमरस्त्यावरच्या ढाब्यांबद्दल थोडक्यात. मुंबई-कोलकाता महामार्ग, पूर्वीचा क्रमांक 6 आणि आताचा 53, बाळापूर-अकोला-मूर्तिजापूर असा जातो. ट्रकचालकांसाठी सुरू झालेल्या ढाब्यांवर डाळतडक्याच्या जोडीला शेवभाजी, भरलेली वांगी आणि भाकरी आली. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला भागात 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तासांत करून विक्रम नोंदवला गेला. रस्ता चांगला झाला, पण चौपदरी रस्त्यावरून गाडी वळवून उलट बाजूच्या ढाब्यावर जाणे अवघड झाले. जुने ढाबे त्यामुळे मागे पडतात आणि पेट्रोलपंपाशेजारची मोठी आवारे भरतात.

सरकारनेही दोनदा या क्षेत्रात पाऊल टाकले. 1995 साली एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे निघाली. अनुदान थांबल्यावर ती विझली आणि अनेक टपऱ्यांवर दुसरेच पदार्थ आले. 26 जानेवारी 2020 रोजी शिवभोजन सुरू झाले: दहा रुपयांत दोन चपात्या, एक वाटी भाजी, भात आणि वरण. टाळेबंदीत हा दर पाच रुपये झाला, पुढे काही काळ जेवण मोफत मिळाले, आणि योजना तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. ही केंद्रे सरकार स्वतः चालवत नाही. चालू खानावळी, भोजनालये आणि बचत गट ती चालवतात आणि फरकाची रक्कम अनुदानातून मिळते. म्हणजे शिवभोजनाचा सगळा भार पुन्हा खानावळीवरच आहे. अनुदान थकल्याच्या तक्रारी केंद्रचालकांनी वेळोवेळी केल्या आहेत. किराणा उधारीवर आणून रोज दुपारी वरण-भात शिजवणाऱ्या या लोकांचे पैसे दर महिन्याला ठरल्या तारखेला मिळालेच पाहिजेत.