पीक कापणी प्रयोग आणि सांख्यिकीच्या संज्ञा

चिखली तालुक्यात सोयाबीन हे खरिपाचे प्रमुख पीक होय. सोंगणीच्या दिवसांत शासकीय कर्मचारी निवडक शेतांत पीक कापणी प्रयोग करतात. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उत्पादनावर आधारलेली भरपाई या प्रयोगांतून निघणाऱ्या सरासरीवरून ठरते. तेव्हा या हिशेबातील संज्ञा शेतकरी बंधूंनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

समजा, अमडापूर महसूल मंडळाचा विचार चालला आहे. तेथील सोयाबीनची सर्व शेते मिळून ‘समष्टी’ होते. सर्व शेते मोजणे अशक्य. म्हणून मोजक्या शेतांचा ‘नमुना’ घेतात. शेतातील ५० चौरस मीटर तुकड्यात १० किलो धान्य निघाले, तर हेक्टरी उत्पादन २० क्विंटल धरले जाते. म्हणजे तुकड्यातील एका किलोची चूक हेक्टरी दोन क्विंटलांची होते!

शेत व त्यातील तुकडा ‘यादृच्छिक’ अंकांवरून ठरवितात, कोणाच्या पसंतीने नव्हे. रस्त्यालगतची भरघोस शेतेच निवडली तर चूक सतत एकाच दिशेने झुकते. हिला ‘अभिनती’ म्हणतात. प्रयोगांची संख्या वाढवून ती जात नाही. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की, तुकडा फार लहान घेतल्यास कडेवरची रोपे आत धरली जाऊन उत्पादन फुगते.

आता सरासरीकडे वळू. पाच शेतांचे हेक्टरी उत्पादन २०, १८, १६, ४ व २ क्विंटल आले, असे माना. त्यांचा ‘मध्य’, म्हणजेच सरासरी, १२ क्विंटल. क्रमाने मांडल्यास मधोमध येणारा ‘मध्यक’ मात्र १६. विम्याचे उंबरठा उत्पादन ११ क्विंटल असेल, तर सरासरी त्याहून अधिक असल्याने, मुरमाड जमिनीत दोन क्विंटल पिकविणाऱ्यासही या हिशेबाने काही मिळत नाही. त्याची तक्रार खोटी नसते आणि सरासरीही चुकलेली नसते. आकडे मध्याभोवती किती विखुरले आहेत हे ‘प्रमाण विचलन’ सांगते, पण भरपाईच्या हिशेबात ते येत नाही.

मंडळाऐवजी गाव हा घटक धरल्यास हा विखार बराच आटोक्यात येईल. मात्र एका गावाची सरासरी एकदोन प्रयोगांवर सोडता येत नाही. प्रत्येक गावात पुरेसे प्रयोग घ्यावे लागतील आणि तेही सोंगणीच्या त्याच थोड्या दिवसांत.