डोहातील पाहुणी

सातपुड्याच्या कुशीत, अक्कलकुवा तालुक्यात काठी हे गाव आहे. तेथील राजवाडी होळी सर्वश्रुत आहे. पावसाळा सरला, म्हणजे अशा डोंगराळ मुलखातील ओढ्यांच्या डोहांत हिरव्या पाणवनस्पती डोलू लागतात. त्या पाहून कोणाचेही मन मोहून जाईल.

समजा, काठीच्या एका मुलाने काचेच्या पेटीत गप्पी मासे पाळले आहेत. गप्पीची मादी अंडी घालीत नाही. ती पिलांनाच जन्म देते. मोठे मासे ही पिले खातात, म्हणून त्याने पिले निराळ्या बरणीत ठेवली आणि त्यांना आसरा व्हावा म्हणून डोहातील हायड्रिलाची जुडी आणून तीत सोडली. दुसऱ्या दिवशी पाहतो, तो पिले निम्मीच! चार दिवसांत बरणी रिकामी झाली. पिले गेली कोठे?

उत्तर त्या जुडीतच दडलेले होते. चतुर हा कीटक आकाशात उडतो. परंतु त्याचे बालपण पाण्यात जाते. त्याचे पिल्लू पानांआड निश्चल बसते आणि भक्ष्य जवळ येताच आपला दुमडलेला खालचा ओठ झटकन पुढे फेकून ते पकडते. डोहात मासा दूर पळू शकतो. बरणीत पळणार कोठे?

अशा वनस्पतीबरोबर गोगलगायीची चिकट अंडी, जळवा आणि माशांचे रक्त शोषणाऱ्या उवाही येतात. ओढा शेताजवळचा असेल, तर कीटकनाशकाचा अंशही येऊ शकतो.

म्हणून वनस्पती आणल्यावर ती स्वच्छ पाण्यात अनेकदा धुवावी. मग मासे नसलेल्या भांड्यात तीनचार आठवडे ठेवून रोज निरखावी. इतके करूनही पूर्ण खात्री देता येत नाही. रोपवाटिकेतील रोप त्या मानाने बरे.

पेटीतील वनस्पती नदीत टाकणे तर त्याहून घातक. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिच्या सुंदर जांभळ्या फुलांसाठी माणसाने ती देशोदेशी नेली. आज पुण्याजवळील पवना व इंद्रायणी या नद्यांवर तिचे जाड थर पसरतात. त्यांखाली प्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात.

मुलांनो, पाण्यातील वनस्पती कधी एकटी नसते. ती अनेक जिवांचे घर असते. ते घर उचलून आणण्यापूर्वी त्यात कोण राहते, हे अवश्य पाहा.