मवद्दत, रहमत आणि आपला संसार

आपल्याकडे निकाहच्या पत्रिकेवर सूरह रूमची २१वी आयत बहुतेक वेळा छापलेली असते. पत्रिका हातात आली की आपण तारीख बघतो, हॉल बघतो. आयत कोण वाचतो?

पती-पत्नीच्या नात्याबद्दल त्या आयतीत तीन गोष्टी आल्या आहेत: सुकून, मवद्दत आणि रहमत. मवद्दत म्हणजे प्रेम. मग रहमत वेगळी का सांगितली? इब्ने कसीर यांनी आपल्या तफसीरमध्ये याचा उलगडा केला आहे. पुरुष पत्नीला नांदवतो ते तिच्यावरच्या प्रेमापोटी, नाहीतर तिच्याविषयीच्या दयेपोटी. म्हणजे मन नेहमी सारखं राहत नाही, हे त्यात धरलेलंच आहे. ‘आता पूर्वीसारखं वाटत नाही’ म्हणून घर मोडायला निघालेल्यांनी इथे जरा थांबावं. आजारपण, कर्ज, म्हातारपण यांत रहमतच कामी येते.

आणि मवद्दत किती टिकते? ह. खदीजा (रजि.) यांचं निधन हिजरतीच्या सुमारे तीन वर्षं आधी झालं. पुढे घरी बकरी कापली की प्रेषित मुहम्मद (स.) तिचं मटण खदीजांच्या मैत्रिणींकडे पाठवत. हे ह. आयशा (रजि.) यांनी स्वतः सांगितलंय, आणि आपल्याला खदीजांचा जेवढा हेवा वाटला तेवढा दुसऱ्या कुणाचा वाटला नाही, हेही मोकळेपणाने कबूल केलंय. एकदा खदीजांची बहीण हाला दारात आली. तिने आत येण्याची परवानगी मागितली, तेव्हा प्रेषितांना खदीजांची आठवण झाली आणि ते हेलावले.