कोणती काठी तोडायची?

बालीच्या बांगली भागातलं पेंग्लिपुरान पर्यटकांना ठाऊक आहे ते गाड्यांना मज्जाव असलेल्या त्याच्या नीटनेटक्या रस्त्यामुळे. रस्ता चढत देवळापाशी जातो आणि बहुतेक जण तिथूनच परततात. गावाचा ठेवा त्यापुढे आहे: सुमारे 45 हेक्टर बांबूचं जंगल. ते अख्ख्या गावाचं. परंपरेने चालत आलेल्या गावसभेला विचारल्याशिवाय तिथे कोयता चालत नाही.

आत शिरलं की कळतं, तोडण्यापेक्षा निवडणं अवघड. नवे कोंब बांबूच्या बेटाच्या कडेने फुटतात, त्यामुळे हाताशी येते ती कोवळी काठी. जून झालेली असते आत, दाटीत. कोवळी हिरवीगार, अंगावर पांढुरकी भुकटी, कोंबावरची वाळकी आवरणं अजून पेरांना चिकटलेली. तीन-चार पावसाळे पाहिलेल्या काठीचा रंग उतरतो, तिच्यावर दगडफुलाचे करडे डाग धरतात, कोयत्याच्या पाठीने ठोकलं तर ती खणखणीत वाजते. तोडायची ती हीच. घाव घालायचा जमिनीलगतच्या पेराला अगदी घासून. वर पोकळ खुंट राहिला, तर त्यात पाणी साचून बुंधा कुजतो. तोडायला वेळ लागत नाही. शेंड्यांच्या गुंत्यातून काठी ओढून काढताना मात्र घाम निघतो.

तोडीचा दिवसही पाहतात. बालीच्या 210 दिवसांच्या पंचांगात दर सहा आठवड्यांनी ‘इंगकेल बुकू’ येतो, म्हणजे पेरांच्या झाडांचा आठवडा. त्यात बांबू तोडणं वर्ज्य. पाळणारे श्रद्धेने पाळतात. बेटांना तेवढाच विसावा मिळतो.

तोडलेल्या काठीचा शत्रू भुंगेरा. आतल्या पिठूळ, गोड अंशासाठी तो तिला पोखरून भुगा करतो. जुन्या स्वयंपाकघरांत चुलीच्या धुराने बांबू राखला जाई. आता बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं पाणी वापरतात. लांब सळईने काठीचे आतले पडदे फोडायचे, तळाचा तेवढा शाबूत ठेवायचा, काठी उभी करून ते पाणी भरायचं आणि दोनेक आठवडे जिरू द्यायचं. लिंडा गार्लंड यांनी 1993 मध्ये सुरू केलेल्या एन्व्हायर्न्मेंटल बांबू फाउंडेशनने बालीत ही रीत रुजवली. नंतर काठी सावलीत वाळवतात. उन्हात ती तडकते.

जाडजूड ‘पेतुंग’ जातीचा बांबू खांबांना जातो, चिवट ‘ताली’ जातीच्या कामट्या निघतात. पेंग्लिपुरानची छपरं बांबूच्या चिपांची आहेत, शेजारचं कायुबिही विणकामासाठी ओळखलं जातं, आणि दर गालुंगानच्या सणाला दारोदारी पेंजोर, म्हणजे बांबूची सजवलेली उंच काठी, उभी राहते. 2008 मध्ये बालीत ग्रीन स्कूल ही शाळा सुरू झाली. तिथे बांबूचे प्रचंड मंडप उभे राहताना जगाने पाहिले आणि गरिबाच्या घरचा बांबू वास्तुशिल्पींच्या आराखड्यांत जाऊन बसला.

जून काठ्या वेळेवर निघाल्या नाहीत तर त्या जागीच वाळतात, दाटी करतात आणि नव्या कोंबांची वाट अडवतात. त्यामुळे बांबूच्या रानाला तोडीची गरज असते, पण ती जाणत्या हाताने झालेली. बोरॅक्सचं प्रमाण दिवसभरात शिकता येतं. काठीचं वय ओळखायला बरेच पावसाळे जंगलात जावं लागतं. पर्यटकांना तिकीट फाडून देणं त्या मानाने सोपं. गावातल्या पोराला तिकीटखिडकीइतकीच कमाई कोयत्यातूनही झाली, तरच ही नजर पुढच्या पिढीकडे जाईल.